कोस्ता देल सोल: गोल्फ, डोंगरवाटा आणि घरखरेदी, नवख्यांनी कोणत्या क्रमाने जावं

स्पेनच्या दक्षिण टोकाला, आंदालुसियातल्या मालागा प्रांतात, पूर्वेच्या नेर्खापासून पश्चिमेच्या मानिल्वापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा किनारा म्हणजे कोस्ता देल सोल. समोर भूमध्य समुद्र, पाठीला लगेच उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत गावं, हमरस्ते आणि सत्तरच्या आसपास गोल्फ कोर्स. माणूस इथे आधी खेळायला येतो, मग त्याला डोंगर दिसतात, मग एजंटच्या काचेवर चिकटवलेले घरांचे फोटो. पहिल्या दोन गोष्टींत चूक झाली तर एखादा दिवस वाया जातो. तिसरीत झाली तर इसार बुडतो. म्हणून या लेखात गोल्फ आणि डोंगराला जागा दिली असली, तरी निम्मा लेख घराचाच आहे.

आधी कॅलेंडर

‘वर्षाचे तीनशे दिवस ऊन’ ही इथली ठरलेली जाहिरात. ती फारशी खोटी नाही, पण उरलेल्या दिवसांबद्दल ती काही बोलत नाही. नोव्हेंबर ते मार्च पाऊस येतो तो धो-धो, दोन-तीन दिवस सलग. उन्हाळ्यात ‘तेर्राल’ सुटला, म्हणजे डोंगरापलीकडून खाली उतरणारा कोरडा गरम वारा, की मालागा शहरात पारा चाळिशी गाठतो. ‘लेव्हांते’ म्हणजे पूर्वेचा वारा. तो दमटपणा घेऊन येतो आणि कधी किनारा धुक्यात बुडवतो.

गोल्फचा खरा हंगाम मार्च ते मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळण्याचं शुल्क, तेव्हाच सगळ्यात चढी असते. जुलै-ऑगस्टमध्ये ती उतरते, कारण दुपारी बारानंतर मैदानावर उभं राहणं अवघड होतं. डोंगराचा हंगाम ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध. घर बघण्याचे महिने मात्र वेगळे: जानेवारी आणि ऑगस्ट. इथली बहुतेक घरं उन्हापासून वाचण्यासाठी बांधलेली आहेत. फरशी गार, भिंतींना इन्सुलेशन बेताचं, जुन्या घरांत हीटिंग नाहीच. जानेवारीच्या रात्री बाहेर सात-आठ अंश असतात, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये आत त्याहून फार वेगळं वाटत नाही. ऑगस्टमध्ये पार्किंग, पोहण्याच्या तलावावरचा गोंगाट, खालच्या बारचं संगीत आणि रस्त्यावरची कोंडी हे सगळं एकदम कळतं. एप्रिलमध्ये मात्र प्रत्येक घर सुंदर दिसतं.

त्यामुळे आमचा क्रम असा: पहिला मुक्काम ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये, भाड्याने, खेळायला आणि चालायला. दुसरा जानेवारीत, भाड्याच्याच घरात पण जिथे विकत घ्यायचा विचार आहे त्याच वस्तीत. नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या बोलीवर फ्लॅट मिळतात आणि उन्हाळ्याच्या मानाने ते बरेच स्वस्त पडतात. जमलं तर ऑगस्टमध्ये चार दिवस. त्यानंतरच वकील.

मुक्काम कुठे

ठरवायला एक साधी गोष्ट पुरते: रेल्वे फुएनखिरोलाला संपते. सी-१ लोकल मालागा शहरातून निघून विमानतळ, तोर्रेमोलिनोस, बेनालमादेना करत तिथवर जाते. पुढे मार्बेया, एस्तेपोना, कासारेस या पट्ट्यात रेल्वे नाही, बस किंवा स्वतःची गाडी. गाडी चालवायची नसेल तर लोकलच्या स्टेशनपासून चालत अंतरावर राहा. सलग गोल्फ खेळायचं असेल तर मार्बेयाजवळची नुएव्हा आंदालुसियाची दरी सोयीची, तीन-चार कोर्स एकमेकांना लागून आहेत. डोंगर हेच मुख्य असेल तर मालागाच्या पूर्वेचा भाग, आखार्किया, नेर्खा आणि तोर्रोक्सकडचा. तिथे गोल्फ कोर्स मोजकेच आहेत.

भाड्याची गाडी घेताना भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. छोट्या हॅचबॅकमध्ये दोन गोल्फ बॅगा बसत नाहीत, एक वर्ग वरची गाडी घ्या. किनाऱ्याचा ए-७ हा मोफत रस्ता, पण त्यावर काही जोडरस्ते इतके आखूड आहेत की थांबूनच आत शिरावं लागतं. समांतर जाणारा एपी-७ टोलचा, आणि उन्हाळ्यात त्याचा टोल वाढतो.

गोल्फ

या भागाचं नाव गोल्फच्या नकाशावर पक्कं झालं ते १९९७ मध्ये. शेजारच्या कादिस प्रांतात सोतोग्रांदे इथे वाल्देर्रामा कोर्सवर रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका सामना झाला, युरोपच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदाच, आणि युरोपचा कर्णधार सेव्हे बायेस्तेरोस होता. २०२३ मध्ये कासारेसच्या फिंका कोर्तेसीन कोर्सवर तसाच महिलांचा सोल्हाइम कप झाला. नवख्याने या दोन नावांकडे लगेच धावू नये. महाग आहेत, आणि ज्याचा चेंडू अजून सरळ जात नाही त्याला तिथे फक्त चेंडू हरवल्याचं दुःख मिळतं.

ज्यांनी कधीच खेळलेलं नाही त्यांनी अठरा होलचं बुकिंग करूच नये. आधी एखाद्या कोर्सच्या अकादमीत चार-पाच धडे घ्या. मग पार-३ चे, म्हणजे तीन फटक्यांत संपावेत असे, छोटे नऊ होल. स्विंग जमला की नाही यापेक्षा तुम्ही मागच्यांचा खेळ अडवता की नाही, हे इथे जास्त पाहिलं जातं. चौघांचा गट साधारण सव्वाचार ते साडेचार तासांत अठरा होल संपवतो. मार्शलने, म्हणजे मैदानावरच्या देखरेख्याने, बगी (मैदानावरची छोटी गाडी) थांबवून घड्याळ दाखवलं तर समजा, तुमच्यापुढचं एक होल रिकामं पडलं आहे.

अनेक कोर्स हँडिकॅपचा दाखला मागतात (हँडिकॅप म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, खेळ कच्चा तितका तो मोठा), आणि काहींची वरची मर्यादाही असते. २०२० पासून हँडिकॅपची पद्धत जगभर एक झाली आहे आणि कमाल हँडिकॅप ५४ आहे. तुमच्या देशातल्या क्लबने किंवा संघटनेने दिलेला दाखला फोनवर असला तरी बहुतेक ठिकाणी चालतो. बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. काउंटरवर जाऊन परत फिरण्यात मजा नाही.

बुकिंग करताना आणखी तीन प्रश्न विचारा. पहिला, बगी भाड्यात धरली आहे का आणि सक्तीची आहे का. डोंगरउतारावरच्या कोर्सवर दोन होलमधलं अंतरच इतकं असतं की पायी खेळणं जमत नाही. दुसरा, ‘ट्वायलाइट’ दर कधीपासून. दुपारी उशिरा सुरू केलं तर पैसे बरेच वाचतात, पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा दोन वाजता सुरू करून अठरा होल होत नाहीत. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. तिसरा प्रश्न नवखे कधीच विचारत नाहीत: ग्रीन कधी टोचले? ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तिच्या मातीला हवा मिळावी म्हणून वर्षातून एक-दोनदा त्यात हजारो भोकं पाडून वाळू भरतात. पुढचे दोन-तीन आठवडे पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, उडत-उडत जातो, आणि फी मात्र बहुतेकदा तीच.

इथल्या बहुतेक फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर, बर्म्युडा गवत असतं. हिवाळ्यात ते पिवळं पडून झोपतं, म्हणून काही कोर्स शरद ऋतूत त्यावर राय गवत पेरतात. बर्म्युडाचा रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, काथ्यासारखा असतो. चेंडू वर दिसतो, पण क्लबचं, म्हणजे काठीचं, तोंड गवतात अडकून डावीकडे वळतं. अशा वेळी लांब आयर्न बाजूला ठेवून वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी आखूड काठी, घ्या, पकड जरा घट्ट करा आणि चेंडू फेअरवेवर आणण्यापुरताच मारा. ग्रीनवर डोळ्यांना फसवणारी गोष्ट म्हणजे पाठीमागचा डोंगर. जमीन सपाट वाटते, पण एकूण उतार समुद्राकडे असतो. कॅडी नसेल तर समुद्र कुठे आहे ते आधी बघा, मग रेषा धरा.

नियमांतले चार पुरेसे: बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. चेंडू शोधायला तीनच मिनिटं. हरवला असेल अशी शंका आली तर शोधायला जाण्यापूर्वीच दुसरा, तात्पुरता चेंडू मारून ठेवायचा. बंकरमधून निघताना दाताळ्याने वाळू सारखी करायची. कपड्यांत कॉलरचा शर्ट हवा, जीन्स नको. हंगामात पाणी दीड लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

डोंगर

मार्बेयातून मान वर केली की दिसणारा सुळका म्हणजे ला कोंचा, १,२१५ मीटर. समुद्राकडून तो भिंतीसारखा दिसतो, पण नेहमीची वाट मागच्या बाजूने आहे. ओखेन गावावरून पुढे ए-३५५ रस्त्याने जाऊन ख्वानारच्या निवासापाशी गाडी लावायची. तिथून ऑलिव्हच्या बागेतून सपाट चाल, मग उजवीकडे पाइनच्या रानातून खडा चढ, मग धार. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर, थांब्यांसह पाच ते सहा तास. आकडे सौम्य वाटतात. पण धारेवर वाट सतत वर-खाली होते आणि दोन-तीन ठिकाणी हाताचा आधार घेऊनच पुढे जाता येतं. दमलेल्या पायांनी परतताना घसरण्याची शक्यता असते ती तिथेच. चुनखडीचा दगड हजारो बुटांनी गुळगुळीत झालेला आहे. ओला असेल तर त्या दिवशी धारेवर जाऊ नका, ऑलिव्हच्या बागेपलीकडच्या समुद्र दिसणाऱ्या कठड्यापर्यंत फिरून या. माथ्यावरून मार्बेया अगदी पायाखाली दिसतं आणि सरळ खाली उतरावंसं वाटतं. त्या बाजूला वाट आहे, पण ती खडी, घसाऱ्याची आणि सहज चुकणारी. नवख्याने आल्या वाटेनेच परतावं.

ला मारोमा हा मालागा प्रांतातला सर्वोच्च डोंगर, दोन हजार मीटरच्या थोडा वर. कानियास दे असेइतुनो गावातून निघालात तर सुमारे १,४०० मीटर चढाई आणि दिवसभराची चाल. माथा म्हणजे एक विस्तीर्ण सपाट पठार, आणि अडचण तीच आहे: ढग उतरले की सगळ्या दिशा सारख्या दिसतात. फोनमध्ये मार्गाचा जीपीएस ट्रॅक आधीच उतरवून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. हिवाळ्यात वर बर्फ असतो. खाली लोक समुद्रकिनारी जेवत असतात म्हणून फसू नका.

रोंदाकडच्या सिएर्रा दे लास निएव्हेसला २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथल्या पिन्सापो या दुर्मीळ फर वृक्षाच्या रानातून तोर्रेसिया शिखराकडे जाणारी वाट या सगळ्या भागात आम्हाला सर्वांत आवडती. गर्दी कमी, सावली भरपूर. निदान पहिल्या अर्ध्या वाटेवर तरी.

कामिनितो देल रे ही चढाई नव्हे, तिकीट काढून करायची पदयात्रा आहे. १९०१ ते १९०५ दरम्यान जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेली, नंतर मोडकळीला आलेली ही कड्यावरची वाट मार्च २०१५ मध्ये दुरुस्त होऊन उघडली. एकूण ७.७ किलोमीटर, त्यातला २.९ किलोमीटर भाग कड्याला खिळलेल्या फळ्यांवरून. आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, हेल्मेट तिथेच मिळतं, आणि वारा जोरात असेल तर त्या दिवशी वाट बंद. तिकिटं हंगामात बऱ्याच आधी संपतात. वाट एकेरी आहे: उत्तरेच्या आर्दालेस बाजूने आत, दक्षिणेला एल चोर्रोला बाहेर. म्हणून गाडी एका टोकाला ठेवून मधल्या बसने दुसऱ्या टोकाला जायचं. बसची वेळ आणि प्रवेशाची वेळ यांत पुरेसं अंतर ठेवा, कारण बसथांब्यापासून प्रवेशदारापर्यंतही चालावं लागतं.

सॅकमध्ये काय घ्यायचं ते डोंगर कुठलाही असला तरी सारखंच, पण इथे एक बाब वेगळी आहे. चुनखडीत पाणी मुरून जातं, धारेवर झरे नसतात. नकाशावर दाखवलेला झरा आटलेला असू शकतो. थंडीत दोन लिटर, मेमध्ये तीन लिटर, हे घरूनच भरून न्या. लांब पँट घाला, झुडपं काटेरी आहेत. हेडटॉर्च ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल पाइनच्या रानात एकामागे एक रांग करून चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसतात. त्यांच्या केसांनी अंगाची आग होते, आणि कुत्र्याने हुंगल्या तर त्याचा जीव जाऊ शकतो. हिवाळ्यात वाटेवर ‘बातिदा’ लिहिलेला फलक दिसला तर तिथे हाका घालून रानडुकरांची शिकार सुरू आहे. मागे फिरा, वाद घालू नका. १ जून ते १५ ऑक्टोबर रानात कुठलाही जाळ पेटवायला बंदी असते. सप्टेंबर २०२१ मध्ये एस्तेपोनामागच्या सिएर्रा बेर्मेखाला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती, तेव्हापासून लोक या बाबतीत फार हळवे आहेत.

वाटेवर रंगवलेल्या खुणांत पांढरा-पिवळा पट्टा म्हणजे छोटी वाट, पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची. त्याच रंगांची फुली दिसली तर इकडे जायचं नाही. अडचणीत ११२ वर फोन.

घर: आधी काय मिळत नाही ते

घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. पाच लाख युरोंची मालमत्ता घेऊन मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून बंद केला. अजूनही एखादा एजंट त्याचं नाव काढत असेल तर तिथून उठा. युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवर, घर तुमचं असलं तरी, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर वेगळा व्हिसा, आणि वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात तर स्पेन तुम्हाला तिथला करदाता धरतो, जगभरच्या उत्पन्नासह. हे गणित घर शोधण्यापूर्वी मांडायचं.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा लक्षात ठेवावी: माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. इसार मार्चमध्ये आणि उरलेले पैसे एप्रिलनंतर, अशी तारीख लावली तर दोन वर्षांची मर्यादा वापरता येते.

घर: बघताना

एजंटने दिलेलं क्षेत्रफळ बहुतेकदा ‘कोन्स्त्रुइदोस’ असतं, म्हणजे भिंती आणि सामाईक भाग धरून. वापरायचं क्षेत्र ‘उतिलेस’, ते बरंच कमी. दोन्ही आकडे लेखी मागा. दक्षिण किंवा नैर्ऋत्य तोंड हिवाळ्यात सोन्यासारखं. तळमजल्यावर कपाट पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपा: नवा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्यात असेल तर खाली ओल आहे. वरच्या मजल्यावर गच्चीची गळती विचारा, आणि पावसानंतरच्या दिवशी पुन्हा जा. विजेचा मंजूर भार विचारा. जुन्या फ्लॅटमध्ये तो इतका कमी असतो की एसी आणि ओव्हन एकत्र चालवले की मुख्य स्विच पडतो.

गोल्फ कोर्सला लागून घर हवं असेल तर टी-बॉक्सवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात त्या जागी, जाऊन उभे राहा आणि घर कुठल्या बाजूला येतं ते बघा. बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताचे, आणि नवख्यांचा चेंडू उजवीकडे वळतो. म्हणून टीपासून १८० ते २२० मीटरवर, फेअरवेच्या उजव्या हाताला असलेल्या गच्चीत चेंडू पडतात. अंगणाच्या कडेला उंच जाळी किंवा छपरावर फुटकी कौलं दिसली तर आणखी विचारायची गरज नाही. ग्रीनजवळ घर असेल तर पहाटे गवत कापायचं यंत्र तुमच्या खिडकीखालून जाणार. घराबरोबर खेळण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, सभासदत्व वेगळं.

घर: कागद, या क्रमाने

एक. स्वतःचा वकील. एजंटचा नको, विकणाऱ्याचा नको, बिल्डरने ‘सोयीसाठी’ सुचवलेला तर मुळीच नको. फी साधारण किमतीच्या एक टक्का, वर २१ टक्के व्हॅट. इथे नोटरीसमोर खरेदीखत होतं म्हणून लोक समजतात की नोटरीने सगळं तपासलं असेल. नोटरी ओळख, मालकी, बोजा आणि पैसे कसे दिले हे पाहतो. बांधकाम कायदेशीर आहे का, हे तुमच्या वकिलाने नगरपालिकेत जाऊन पाहायचं.

दोन. ‘निए’ क्रमांक, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. त्याशिवाय कर भरता येत नाही, खरेदीखत पुढे सरकत नाही. स्पॅनिश वकिलातीतून, स्पेनमध्ये राष्ट्रीय पोलिसांकडे वेळ घेऊन, किंवा कुलमुखत्यारपत्र देऊन वकिलामार्फत मिळतो. अर्ज ईएक्स-१५, शुल्क दहा युरोंच्या आसपास. पोलिसांकडची वेळच मिळत नाही म्हणून अनेक सौदे लांबतात, तेव्हा घर सापडण्याआधी हे करा. कुलमुखत्यारपत्र भारतात केलं तर त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का, लागतं आणि अधिकृत स्पॅनिश भाषांतर.

तीन. ‘नोता सिम्प्ले’. नोंदणी कार्यालयाचा हा उतारा दहा युरोंच्या आसपास ऑनलाइन मिळतो. सातबाऱ्यावर जसं मालकाचं नाव आणि इतर हक्कांत बोजा दिसतो, तसंच इथे मिळकतीचं वर्णन, मालक आणि ‘कार्गास’ म्हणजे तारण, जप्ती वगैरे. वर्णन प्रत्यक्ष घराशी ताडून बघा. उताऱ्यात दोन खोल्या आणि तुम्ही पाहिल्या तीन, किंवा उताऱ्यात पोहण्याचा तलावच नाही, तर ते नंतर केलेलं, कदाचित विनापरवाना बांधकाम.

चार. भोगवटा परवाना, ‘लिसेन्सिया दे प्रिमेरा ओकुपासिओन’. मार्बेयात यावर जास्त जोर द्या. तिथली नगरपालिका २००६ मध्ये भ्रष्टाचार प्रकरणात बरखास्त झाली होती, आणि बेकायदा बांधकामं नियमित करणारा २०१० चा नगर आराखडा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. त्या काळातल्या इमारतीत घर असेल तर वकिलाकडून त्या इमारतीची नेमकी स्थिती लेखी घ्या. डोंगरातल्या शेतजमिनीवरच्या बंगल्यांची गोष्ट याहून किचकट. तिथे ‘एएफओ’, म्हणजे नियमाबाहेरचं पण चालवून घेतलेलं बांधकाम असा, दाखला आहे का ते विचारा. तो असला की घर पाडलं जाण्याची भीती जवळपास जाते, पण नवं बांधकाम वाढवता येत नाही. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या बाजूला गावठाणाबाहेरची जमीन घेणाऱ्या युरोपबाहेरच्या माणसाला लष्करी परवानगीही लागू शकते.

पाच. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. थकलेला मेंटेनन्स घराबरोबर येतो: चालू वर्ष आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते. सोबत गेल्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं मागा. पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती, लिफ्ट बदलणं, दर्शनी भिंतींचं काम यासाठी मंजूर झालेली जादा वर्गणी तिथेच सापडते. ‘आयबीआय’ या घरपट्टीची शेवटची पावतीही घ्या.

सहा. घर बाजारातून काढून घेण्यासाठी आरक्षण, साधारण तीन ते सहा हजार युरो. कागद ठीक निघाले नाहीत तर पैसे परत, हे वाक्य पावतीवर हवंच.

सात. ‘आर्रास’, म्हणजे आपली इसारपावती, सहसा किमतीच्या दहा टक्के. करारात ‘आर्रास पेनितेन्सियालेस’ आणि दिवाणी संहितेचं कलम १४५४ यांचा उल्लेख असावा. मग तुम्ही मागे हटलात तर इसार जातो, विकणारा हटला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. हा उल्लेख नसेल तर करार दुसऱ्या प्रकारचा धरला जाऊन समोरचा तुम्हाला खरेदी पूर्ण करायला भाग पाडू शकतो. बँकेचं कर्ज घेणार असाल तर ‘कर्ज नाकारलं तर इसार परत’ अशी अट स्पष्ट लिहून घ्या. ती आपोआप नसते. अनिवासी माणसाला बँका साधारण साठ-सत्तर टक्केच कर्ज देतात, तेही स्वतः केलेल्या मूल्यांकनावर.

आठ. खरेदीखत. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषा लागतो, आणि पैसे बँकेच्या धनादेशाने दिले जातात. विकणारा स्पेनचा रहिवासी नसेल तर एक सापळा आहे: किमतीच्या ३ टक्के रक्कम तुम्ही कापून घ्यायची आणि महिन्याभरात २११ क्रमांकाच्या फॉर्मवर कर खात्यात भरायची. विसरलात तर तो बोजा घरावर बसतो, म्हणजे तुमच्यावर.

खर्चाचा हिशेब तीन लाख युरोंच्या घरावर असा. जुनं घर असेल तर आंदालुसियात हस्तांतर कर ७ टक्के, २१,०००. नोटरी आणि नोंदणी दोन-तीन हजार, वकील ३,६३० च्या आसपास. म्हणजे वर सुमारे २७,०००. नवं घर असेल तर व्हॅट १० टक्के आणि मुद्रांक १.२ टक्के, मिळून ३३,६००, बाकी तेच, म्हणजे वर ४०,००० च्या घरात. २०२२ पासून आणखी एक मेख आहे: हस्तांतर कर तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा सरकारी ‘संदर्भ मूल्या’वर, जे जास्त असेल त्यावर लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून कर कमी होत नाही. हा आकडा कातास्त्रोच्या, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंदवहीच्या, संकेतस्थळावर इसार देण्याआधीच पाहता येतो. बांधकाम सुरू असलेलं घर घेताना प्रत्येक हप्त्यामागे तुमच्या नावाची बँक हमी हवी. ती हातात नसेल तर हप्ता द्यायचा नाही.

चावी मिळाल्यावर

वीज, पाणी तुमच्या नावावर करा आणि घरपट्टी बँकेतून आपोआप जाईल अशी सोय लावा. ते बिल परदेशात पोहोचत नाही, आणि न पोहोचलेल्या बिलावरही दंड लागतो. घर भाड्याने दिलं नाही तरी अनिवासी मालकाला दरवर्षी २१० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. कातास्त्रोच्या मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के रक्कम उत्पन्न मानतात आणि त्यावर युरोपीय संघाबाहेरच्यांना २४ टक्के कर. मूल्य एक लाख युरो आणि दर १.१ असेल तर वर्षाला २६४ युरो. मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत. बरेचजण हे विसरतात आणि घर विकताना, कापलेले ३ टक्के परत मागायला गेल्यावर, मागची सगळी वर्षं एकदम समोर येतात.

सुटीतल्या पाहुण्यांना भाड्याने देऊन हप्ते निघतील, या हिशेबावर घर घेऊ नका. ३ एप्रिल २०२५ पासून नव्याने पर्यटकांना भाड्याने द्यायचं तर सोसायटीची आधी मंजुरी हवी, पाचपैकी तीन हिस्सा बहुमताने. शिवाय आंदालुसियाची नोंदणी आणि ऑनलाइन जाहिरातीसाठी राष्ट्रीय क्रमांक. जुन्या मालकाकडे परवाना आहे एवढं ऐकून थांबू नका: तो तुमच्या नावावर पुढे चालेल का, आणि सोसायटीच्या नियमावलीत आधीच बंदी आहे का, हे दोन्ही प्रश्न इसार देण्याआधी वकिलाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.